सूर्याकडे पुरावा मागणारी आत्या

माझ्या धाकट्या आत्याइतका संशय सूर्यावर आजवर कोणीही घेतला नसेल. लोक त्याला अर्घ्य देतात, बारा नमस्कार घालतात, एप्रिल-मे महिन्यात शिव्याही घालतात. पण तो जे बोलतो ते खरंच तोच बोलतो आहे, की खालच्या मजल्यावरचा मिक्सर त्याच्या आवाजात बोलतो आहे, हा प्रश्न नाहूरच्या एका सातमजली इमारतीत राहणाऱ्या या बाईखेरीज कोणाला पडल्याचं माझ्या ऐकिवात नाही. नुसता प्रश्न पडून ती थांबली असती तरी चाललं असतं. तिनं सूर्याची रीतसर चौकशी लावली.

हा स्वभाव जन्मजात की नोकरीतून आलेला, यावर आमच्या घरात दोन तट आहेत. आत्यानं सगळी नोकरी टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात केली. कानाला हेडफोन लावायचा आणि स्वतःचा फोन बंद पडला म्हणून शेजाऱ्याच्या फोनवरून ओरडणाऱ्या माणसांचा संताप ऐकायचा, हे तिचं काम. त्यातून तिनं जगाविषयी एकच निष्कर्ष काढला: तक्रार आली म्हणजे बिघाड झाला असं नाही, बहुतेक वेळा माणसानं रिसीव्हरच नीट ठेवलेला नसतो. "आधी घरात बघा," हे वाक्य ती तक्रारदारांना ऐकवायची, आणि निवृत्तीनंतर आम्हाला ऐकवू लागली. माझ्या लग्नाची पत्रिका छापून आली तेव्हा सगळ्यांनी नावं तपासली; आत्या घाटकोपरला जाऊन हॉल तपासून आली. "आहे," ती म्हणाली, "पण चार पंखे बंद आहेत." माझ्या वडिलांच्या छातीत दुखलं आणि डॉक्टरांनी ईसीजी वाईट असल्याचं सांगितलं, तेव्हा तिनं विचारलं, "हे मशीन दुसऱ्या कोणाला लावून बघितलंत का?" डॉक्टर हसले. आत्या हसली नाही. शेवटी तिनं मशीन स्वतःला लावून घेतलं, तिचा ईसीजी उत्तम निघाला, तेव्हा कुठे तिनं सख्ख्या भावाचं दुखणं मंजूर केलं.

तिच्या वयाच्या बायका निवृत्तीनंतर भजनी मंडळात जातात किंवा सुनेत लक्ष घालतात. आत्याला सून नव्हती, कारण तिनं लग्नच केलं नव्हतं. आलेल्या स्थळांची चौकशी पूर्ण व्हायच्या आत ती स्थळं दुसरीकडे उजवली गेली. मुलुंडच्या एका वाचनालयात तिनं व्याख्यान ऐकलं की सूर्यावर मधूनच स्फोट होतात, तेव्हा तिथून रेडिओ लहरी सुटतात, आणि हौशी माणसाला त्या साध्या सामानानं ऐकता येतात. 'ऐकता येतात' एवढ्या दोन शब्दांवर ती जागेवरून उठली. आठवडाभरात गच्चीवर पडलेला टीव्हीचा जुना अँटेना पडद्याच्या दांड्या जोडून वाढवला गेला. त्याची वायर तिच्या बेडरूमच्या खिडकीतून आत आली, पेनड्राइव्हएवढ्या एका रिसीव्हरला लागली, आणि तो रिसीव्हर मी कालबाह्य म्हणून टाकून दिलेल्या लॅपटॉपला. स्क्रीनवर निळी पार्श्वभूमी वरून खाली सरकत असते. सूर्याचा स्फोट आला तर त्यावर एक पिवळा तिरका पट्टा उमटतो, कारण तो आवाज वरच्या पट्टीत सुरू होतो आणि काही सेकंदांत घसरत खाली येतो. हेडफोनमध्ये तो कसा वाटतो हे आत्यानं मला सांगितलं होतं: वाळूवर लाट चढते, फिसफिसते आणि ओढली जाते, तसा. "ऐकलायस तू?" मी विचारलं. "ऐकल्यासारखं वाटलंय," ती म्हणाली. तिच्या भाषेत याचा अर्थ 'नाही' असा होतो.

कारण अडचण सूर्याची नव्हती, अडचण नाहूरची होती. आपण ज्याला नांदती इमारत म्हणतो तिला रेडिओ मासळीबाजार म्हणतो. एलईडीचे दिवे, मोबाइलचे चार्जर, लिफ्टची मोटर, डास मारायच्या रॅकेटी, चौथ्या मजल्यावरचं ट्रेडमिल, सगळे एकाच वेळी त्या हेडफोनमध्ये बोलतात, आणि आत्याच्या मते त्यांतले काही सूर्याची हुबेहूब नक्कल करतात. मग तिनं दारोदार तपास सुरू केला. "सकाळी दहाच्या सुमाराला तुमच्याकडे नक्की काय चाललं होतं?" हा प्रश्न ऐकून दुसऱ्या मजल्यावरच्या नवविवाहित जोडप्यानं दार लावून घेतलं. बाकीच्यांनी उत्तरं दिली, कारण आत्यासमोर उत्तर न देणं कोणाला जमत नाही. वर्षभरात तिला कोणाचा गीझर कधी लागतो, कोण ट्रेडमिलवर चढतं आणि कोण नुसतं चालू करून शेजारी बसतं, हे सगळं बसल्या जागी कळू लागलं. ती चुगली मात्र कधी करत नसे. तिला माणसांत रसच नव्हता. तिला त्यांना वगळायचं होतं.

स्वतःच्या घरात तर तिनं तपस्विनीसारखा संसार मांडला. पिवळे जुने बल्ब. वायफाय नाही, कारण ते कुजबुजतं. ऐकायला बसली की फ्रिज बंद, त्यामुळे तिच्याकडचं दही नेहमी एक दिवस पुढे असायचं. मोबाइल पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात झाकण लावून ठेवलेला. तिला फोन केला की 'ग्राहक संपर्कक्षेत्राबाहेर आहे' असं ऐकू यायचं आणि ते अक्षरशः खरं असायचं. ईमेल पाठवायला ती स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात जायची. टेलिफोन खात्यात आयुष्य काढलेल्या बाईशी बोलायचं तर प्रत्यक्ष जाण्यावाचून गत्यंतर नाही, असं झाल्यामुळे मी बोरीवलीहून दर रविवारी तिच्याकडे जेवायला जाऊ लागलो.

रविवार हा तिच्या चौकशीतला सर्वांत वाईट दिवस. त्या दिवशी अख्ख्या इमारतीत मासे किंवा मटण असतं, म्हणजे वाटण असतं, म्हणजे मिक्सर असतात. त्यातही तिच्या बरोबर खाली, सहाव्या मजल्यावर परबकाकू राहतात. काकू मालवणच्या, आणि त्यांचा मिक्सर, आत्याच्या म्हणण्याप्रमाणे, सूर्याचा सख्खा भाऊ. खोबरं गुळगुळीत व्हायला आलं की त्याचा पट्टा तिरका होत जातो, असा तिचा आरोप होता. दोघींच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच डक्टात उघडतात. न्यायालय तिथेच भरायचं.

"काकू, मघाशी मिक्सर लावलात ना?"

"लावलेलंय. मगे काय, खोबरा दातान वाटू?"

"दहा वाजून दहा मिनिटांनी लावलात."

"खोटा! तेव्हा माझा भांडा धुवन फळयेर गेला."

"स्क्रीनवर दिसतंय मला."

"मगे त्या स्क्रीनाकच सांग कालवण करूक!"

खिडकी बंद. आत्या माझ्याकडे वळून म्हणायची, "तक्रारीत माणूस वेळ नेहमी खोटी सांगतो." आणि तो पट्टा लॅपटॉपवरून कायमचा पुसून टाकायची. "खोटी तक्रार जागा अडवते," हेही तिचं खात्यातलंच वाक्य.

इमारतीच्या तपासातून एखादा पट्टा सुटलाच, तर त्याला पुढची परीक्षा होती. सूर्य एकट्या नाहूरसाठी ओरडत नाही. तो ओरडला तर पृथ्वीवर जिथे जिथे दिवस आहे तिथे तिथे एकाच क्षणी ऐकू जायला हवा. म्हणून आत्यानं ऑस्ट्रेलियातला एक निवृत्त दंतवैद्य गाठला होता. त्यालाही हाच नाद. तो तिला 'डियर आत्या' असं लिहितो. तिचं नाव आत्या आहे अशी त्याची समजूत आहे आणि तिनं ती दुरुस्त केलेली नाही. आत्याचं पत्र म्हणजे तार: अमुक मिनिटाला तुमच्याकडे काही आलं का, हो की नाही, एवढंच कळवावे. तिकडून उत्तर यायचं, 'नाही. तुमच्याकडे हवा कशी आहे?' हवेचं उत्तर ती देत नसे. दोन वर्षं हे असं चाललं होतं, आणि दोन वर्षांत त्याच्याकडून एकही 'हो' आला नव्हता.

अशात सोसायटीनं गच्चीवर सोलार पॅनेल बसवायचं ठरवलं. तुम्हाला वाटेल, सूर्याच्या भक्ताला आनंद व्हावा. पण पॅनेलमधली वीज घरात वापरण्याजोगी करणारं जे यंत्र असतं, ते इन्व्हर्टर, रेडिओत अखंड गुरगुरतं. ऊन जितकं कडक, तितकं जास्त. रात्री गप्प बसतं. पण रात्री सूर्य नसतो. थोडक्यात, ज्या दिवशी इमारत सूर्यावर चालू लागेल त्या दिवशी आत्याला सूर्य ऐकू यायचा बंद होईल. सभेत चेअरमन तिला म्हणाले, "आत्या, तुमचाच माणूस आणतोय आपण गच्चीवर!" चेअरमन ही निवडून आलेली व्यक्ती असली तरी बोलताना त्यांचा राज्याभिषेक नुकताच आटोपला असावा असं वाटतं. आत्यानं शांतपणे इन्व्हर्टरचं प्रकरण समजावून सांगितलं. मग ठराव मताला टाकला, आणि अनुकूल बाजूनं पहिला हात वर गेला तो आत्याचा.

"अगं, वेड लागलंय का तुला?" मी रविवारी विचारलं.

"बिल कमी होतं रे. मी हिशेब तपासला, बरोबर आहे त्यांचा. बरोबर आहे त्याला नाही कसं म्हणू?"

"आणि तुझं काय?"

ती वायर गुंडाळू लागली. "मला फार काही नकोय. पॅनेल लागायच्या आत एकदाच त्या दंतवैद्यानं 'हो' म्हणावं. एकदाच. म्हणजे मी ऐकला होता, एवढं मला म्हणता येईल."

पॅनेलचं सामान गच्चीवर येऊन पडलं, आणि त्यानंतरच्या रविवारी तो पट्टा आला. मी तिथेच होतो. निळ्या स्क्रीनवर एक पिवळी रेघ उमटली, जाड, तिरकी, कुंचल्यानं ओढल्यासारखी. आत्यानं हेडफोन काढून माझ्या कानाला लावला तोवर लाट ओसरत आली होती, पण शेवटची फिसफिस मीही ऐकली. मी संशयी माणूस आहे. बुवा, पुढारी आणि पुरस्कार या तिन्ही गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी अंगावर काटा आला. आत्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर ती डक्टाच्या खिडकीकडे निघाली होती.

"काकू! दहा वाजून पाच मिनिटांनी—"

"धुवन झाला!" खालून आवाज आला.

मी चूक केली की काय कोण जाणे, खाली उतरताना चेअरमन भेटले आणि मी त्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी बॅनर लागला. 'सूर्याचा आवाज ऐकणाऱ्या आपल्या आत्या यांचा जाहीर सत्कार'. बॅनरवर सूर्य होता, आत्या होती आणि चेअरमन होते. त्यांत सूर्य सर्वांत लहान होता.

सत्काराच्या आदल्या दिवशी दंतवैद्याचं उत्तर आलं. आत्यानं झेरॉक्सच्या दुकानातून त्याची प्रत आणली आणि माझ्यापुढे ठेवली. त्यानं लिहिलं होतं, 'त्या मिनिटाला काही नाही, सॉरी. पण त्याच्या सात मिनिटं आधी एक फारच सुंदर आला होता, तो तुम्हाला मिळाला का?'

"आत्या, हा तोच असेल की! सात मिनिटं काय—"

"गप रे. सूर्यावरून उजेड इथं यायला आठ मिनिटं लागतात. सात मिनिटांची चूक म्हणजे अख्खा रस्ता झाला. त्याचा पट्टा त्याचा, माझा पट्टा माझा. माझा खोटा."

"मग सत्काराला जाऊ नकोस."

"जाणार. बोलावलंय तर सांगून यायला हवं."

सत्कार कंपाउंडमध्ये, खुर्च्या मांडून, स्पीकर लावून. शाल होती, श्रीफळ होतं, आणि चेअरमनांचं भाषण होतं, ज्यात सूर्याचा उल्लेख दोनदा आणि गेल्या वर्षी करून घेतलेल्या वॉटरप्रूफिंगचा पाचदा आला. मग आत्या उठली. तिनं शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि तक्रार विभागाच्या आवाजात म्हणाली, "मी ऐकलं ते सूर्याचं नव्हतं. ऑस्ट्रेलियात त्या मिनिटाला काही आलेलं नाही. म्हणजे बिघाड आपल्याच इमारतीतला आहे. बहुतेक सहाव्या मजल्यावरच्या मिक्सरचा. दहा वाजून पाच मिनिटं. तेव्हा सत्कार रद्द समजावा. नारळ परत."

सभेत कुजबुज सुरू झाली. चेअरमननी हातातला पुष्पगुच्छ आधी पुढे केला, मग मागे घेतला. आणि दुसऱ्या रांगेतून परबकाकू उभ्या राहिल्या.

"आता सगळ्यांसमोर सांगतंय! दोन वर्सां ही माका चोर ठरवता. गो आत्या, दहाक पाणी जाता. पाणी गेल्यार मिक्सर कोण लावता? भांडा कशान धुवचा, तुझ्या भाषणान?"

बायकांच्या रांगेतून एक मोठं 'हो ना!' आलं. हा पुरावा स्वयंपाकघरात वावरणाऱ्या प्रत्येकाला तत्काळ पटला. वाटणाचं भांडं वाळलं तर घासताना जीव जातो. पाणी जायच्या आत वाटण उरकायचं, हा त्या इमारतीचा अलिखित कायदा होता.

आत्यानं भुवया वर केल्या. "पाणी दहाला कुठे जातं? दहा-सातला जातं."

"दहाला," चेअरमन दुखावून म्हणाले. वेळेवर व्हॉल्व्ह बंद करणं ही त्यांच्या कारकिर्दीतली एकमेव निर्विवाद कामगिरी होती. "मी स्वतः उभा असतो. दहा म्हणजे दहा."

"माझ्याकडे दहा-सातला जातं," आत्या म्हणाली. "मी रोज बघते. वरच्या मजल्याला पाइपात उरलेलं सात मिनिटं पुरतं."

"पाइपात उरलेलं खालच्यांना मिळतं हो आत्या," मागून कोणीतरी म्हणालं. "वरच्यांचं आधी जातं."

आत्याची नजर हळूहळू स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाकडे गेली. मुंबईतल्या नोकरदाराच्या घरातलं घड्याळ पुढे असतं, हे काय सांगायला हवं? गाडी चुकू नये म्हणून कोणी पाच मिनिटं ठेवतो, कोणी दहा. आत्याचं सात. नोकरीत लागल्या दिवसापासून तिच्या घरातलं प्रत्येक घड्याळ सात मिनिटं पुढे. घराबाहेर पडताना ती मनातल्या मनात वजा करते, इतक्या सवयीनं की आपण वजा करतो हेही तिला ठाऊक नसतं. वायफाय नसल्यामुळे लॅपटॉपला खरी वेळ सांगणारं कोणी नव्हतं. ती त्यात आत्यानं लावली होती, भिंतीवरच्या घड्याळात बघून. आणि लॅपटॉपला वजा करायची सवय नसते.

"घरात बघायचं राहिलं," ती माइकसमोरच म्हणाली, पण स्वतःशी.

त्यानंतर जे सातव्या मजल्यावर गेलं तो सत्कार नव्हे, मोर्चा होता. लिफ्टमध्ये आत्या, काकू, मी आणि पुष्पगुच्छासह चेअरमन; बाकीचे जिन्यानं. बिस्किटाचा डबा उघडून मोबाइल बाहेर काढला, लॅपटॉपशेजारी ठेवला. सात मिनिटं, बरोबर. आत्यानं दंतवैद्याचा कागद पुन्हा वाचला. काकूंनी तो तिच्या हातातून घेतला, इंग्रजी असल्यामुळे माझ्याकडे दिला, आणि विचारलं, "म्हंजे तो माझो मिक्सर न्हय?"

"नाही," मी म्हणालो. "तुमचा मिक्सर कितीही दणकट असला तरी ऑस्ट्रेलियापर्यंत ऐकू जाणार नाही."

"मगे कोण तो?"

"सूर्य," आत्या म्हणाली. चेअरमननी संधी साधून पुष्पगुच्छ तिच्या हातात कोंबला आणि फोटो काढून घेतला. त्या फोटोत आत्या लॅपटॉपकडे बघते आहे आणि चेअरमन कॅमेऱ्याकडे.

सगळे गेल्यावर मी विचारायला नको ते विचारलं. "दोन वर्षांत असे किती पुसलेस गं?"

"काय माहीत." ती गुच्छातली फुलं एकेक काढून तांब्यात लावत होती. "तो बिचारा 'नाही' लिहायचा, मी पुसायचे. त्याच्याकडे असतील सगळे. मी फक्त माझं मिनिट विचारत होते ना." मग थोड्या वेळानं म्हणाली, "म्हणजे ऐकत होते मी त्याला. रोजचं ऐकत होते, आणि गप्प बस म्हणत होते." आणि एकदम हसली. "दंतवैद्याला हवेचं तरी सांगायला हवं आता."

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या नोटीस बोर्डावर तिच्या हस्ताक्षरात सूचना लागली: सहाव्या मजल्यावरील मिक्सरविषयी दोन वर्षांत केलेले सर्व आरोप बिनशर्त मागे घेण्यात येत आहेत. काकूंनी त्या सूचनेचा फोटो काढून मालवणला पाठवला. त्यांनीही मग मोठं मन दाखवलं. पुढच्या रविवारपासून वाटण लावायच्या आधी त्या डक्टात तोंड काढून वरती विचारू लागल्या. आत्या हेडफोन लावून कानोसा घ्यायची आणि हो म्हणायची. तसे दोनच रविवार मिळाले. मग पॅनेल लागली, ऊन चढलं, आणि निळी स्क्रीन कडेपासून कडेपर्यंत पांढरी झाली.

अँटेना गच्चीच्या एका कोपऱ्यात अजून उभा आहे. आत्या म्हणते, बोरीवलीला तुमच्या गच्चीवर काय काय आहे ते एकदा बघायला येईन. पण अजून आलेली नाही. बिल कमी झालं, हिशेब बरोबर निघाला. मी अजूनही रविवारी जातो. परवा जेवायची वेळ होत आली होती, आत्या कोशिंबिरीला काकडी चोचवत होती, आणि डक्टातून खालून हाक आली.

"गो आत्या! लावू काय?"

आत्यानं विळी बाजूला सारली, हात पुसले, आत जाऊन हेडफोन कानाला लावला. हेडफोनमधली इन्व्हर्टरची गुरगुर बाहेरपर्यंत मला ऐकू येत होती. ती क्षणभर तशीच उभी राहिली, मान जराशी कलती करून. मग खिडकीशी येऊन तिनं खाली सांगितलं, "जरा थांबा हां काकू." आणि थोड्या वेळानं, "हं. लावा आता."

मी दबक्या आवाजात म्हणालो, "अगं, आता काही फरक पडत नाही हे सांगून टाक ना त्यांना."

"तू गप रे," आत्या म्हणाली. "विचारते ना ती? विचारू दे."

खाली मिक्सर सुरू झाला. खोबऱ्याचा आणि धण्यांचा वास डक्टातून वर येऊ लागला, आणि आत्या पुन्हा विळीवर बसली.